सगळेच अंगठेबहाद्दर!

कष्टाने झिजलेले बोट यंत्राला ओळखू आले नाही, तर खोटे कोण ठरते? समोर उभे असलेले शरीर की यंत्रात साठवलेली त्याची प्रतिमा? डिजिटल युगात शरीर, प्रतिमा आणि तंत्रज्ञान यांच्या नात्याविषयी अनेक तात्त्विक प्रश्न उभे राहिले आहेत. त्यांपैकी हा प्रश्न रेशनच्या रांगेत रोज विचारला जातो.

मराठीत ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द कौतुकाने कधी वापरला गेला नाही. ज्याला सही करता येत नाही आणि म्हणून कागदावर शाईने माखलेला अंगठा उमटवावा लागतो, त्याला उद्देशून तो उपहासाने योजला जाई. अंगठ्याच्या जागी सही यावी, हे साक्षरतेच्या चळवळीने कित्येक पिढ्यांना दाखवलेले स्वप्न होते. ते बऱ्याच अंशी साकार झाले आणि नेमक्या त्याच सुमारास चक्र उलटे फिरले. आज कार्यालयात हजेरी लावणारा अधिकारी, घराच्या दस्ताची नोंदणी करणारे दांपत्य, हयातीचा दाखला देणारे निवृत्त प्राध्यापक आणि रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रापुढे उभी असलेली मोलकरीण, सगळेच अंगठा लावतात.

तथापि, या दोन अंगठ्यांत मोठा फरक आहे. कागदावरचा अंगठा उमटताना समोर माणसे असत. कोणी तरी अंगठा धरून टेकवी, शेजारी नाव लिही आणि साक्षीदार सही करी. काचेवर टेकवलेला अंगठा यंत्र पाहते आणि निर्णयही यंत्रच देते. ‘ओळख’ या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ‘ओळख असणे’, म्हणजे परिचय. दुसरा ‘ओळख पटणे’, म्हणजे खात्री. आजवर दुसरी ओळख बहुधा पहिलीच्या आधाराने पटत असे. डिजिटल संस्कृतीने या दोहोंची फारकत केली. परिचय नसलेले यंत्र खात्री देऊ लागले आणि परिचय असलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत उरली नाही.

नांगराची निशाणी

मराठेशाहीतील वतनांच्या तंट्यांचे जे महजर उपलब्ध आहेत, त्यांच्या अखेरीस एक लक्षणीय गोष्ट आढळते. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपल्या नावापुढे आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढीत. पाटलाच्या नावाशी नांगर असे, तर बलुतेदारांच्या नावांशी त्यांच्या त्यांच्या कामाची अवजारे. माणूस जे काम करी, तीच त्याची निशाणी होती. ती खरी की खोटी, हे ठरवणारे गोत तिथे हजर असे. कोण कोणाचा मुलगा, कोणाचे शेत कुठवर, हे चार वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असे आणि त्या स्मरणालाच पुराव्याचे मोल असे.

ही व्यवस्था आदर्श होती, असे मानण्याचे कारण नाही. व्यवसायाची निशाणी ही जातीचीही निशाणी होती. गोताच्या स्मरणात ज्यांना दुय्यम स्थान होते, त्यांच्या दाव्यालाही दुय्यम स्थान मिळे. गावाबाहेरून आलेल्या परक्याला तर ओळखणार तरी कोण? ज्या समाजात माणसे गाव सोडून शहरात जातात, नोकरीसाठी राज्य ओलांडतात, तिथे गोताची ओळख पुरी पडत नाही. कोणाच्याही ओळखीवाचून माणसाची खात्री पटवणारे साधन आधुनिक राज्यसंस्थेला हवे होते. ते तिला माणसाच्या शरीरातच सापडले आणि तेही भारतात.

जंगीपूरचा पंजा

सन १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीसाठी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी करार केला. करारावर त्याने कोनाईच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. ही सही माझी नव्हेच, असे पुढे म्हणण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, असा धाक बसवणे हा आपला हेतू होता, असे हर्शेलनेच नंतर नमूद केले आहे. आधुनिक बायोमेट्रिक ओळखीच्या उगमाशी विज्ञानाच्या आधी अविश्वास उभा होता, तो असा. कागदावर शाईने लिहिलेले नाव नाकारता येते. स्वतःचा हात कसा नाकारणार?

हर्शेल वर्षानुवर्षे ठसे जमवत राहिला आणि बोटांवरील रेषा वयानुसार बदलत नाहीत, असे त्याच्या ध्यानात आले. हुगळीत असताना १८७७ मध्ये त्याने निवृत्तिवेतनधारक, कैदी आणि दस्तनोंदणी यांसाठी ठशांचा वापर सुरू केला. जपानमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फोल्ड्स यांनी १८८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात, ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल, असे सुचवले. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधायचा कसा, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. तो सुटला बंगाल पोलिसांच्या कचेरीत. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी वर्गीकरणाची जी पद्धत सिद्ध केली, तीत दहा बोटांवरील शंख-चक्रांच्या मांडणीवरून ठशांचे १०२४ गट पडत. लहानपणी भविष्य पाहण्यासाठी बोटांवरची चक्रे मोजली जात, तीच चक्रे इथे फडताळातील कप्प्यांचे क्रमांक झाली. कलकत्त्यात १८९७ मध्ये जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग स्थापन झाला. पद्धतीला नाव मात्र त्या दोघांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले आणि १९०१ मध्ये ती स्कॉटलंड यार्डने स्वीकारली.

तात्त्विकदृष्ट्या इथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. नांगराची निशाणी माणूस स्वतः काढत असे. तीत त्याचे काम, त्याचे गाव, त्याचे नाते बोलत असे. बोटाच्या रेषा तो काढत नाही आणि त्या त्याच्याविषयी काहीच सांगत नाहीत. हा माणूस कोण, कसा, काय करणारा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. हा तोच आहे की दुसरा, एवढेच त्या सांगतात. शरीर बोलण्याऐवजी साक्ष देऊ लागले. आणि ही साक्ष शरीरधारकाच्या इच्छेविरुद्धही काढता येऊ लागली.

संमतीचा प्रश्न

या साक्षीला पहिला मोठा संघटित विरोध दक्षिण आफ्रिकेत झाला. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी आणि परवाना सदैव जवळ बाळगावा, असा वटहुकूम १९०६ मध्ये पुढे आला. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये झालेल्या सभेत सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली गेली. मोहनदास गांधी यांनी हेन्री यांचा ठशांवरील ग्रंथ वाचला होता आणि कायद्याने सक्तीचे ठसे केवळ गुन्हेगारांचेच घेतले जातात, हे त्यांनी त्यातून हेरले होते. बंगालमध्ये तयार झालेले साधन आता समुद्रापार राहणाऱ्या हिंदी लोकांवरच चालवले जात होते.

पुढचा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाल्यावर गांधींनी १९०८ च्या फेब्रुवारीत स्वेच्छेने ठसे देण्याचे मान्य केले. नोंदणीसाठी जाताना त्यांच्यावर मीर आलम या त्यांच्याच एका पूर्वीच्या अशिलाने हल्ला केला. काल ज्याला विरोध केला तेच आज करायचे, ही अनेकांना फसवणूक वाटली होती. गांधींची भूमिका अशी होती की, सक्तीने जी गोष्ट करणे अपमानास्पद असते, तीच स्वेच्छेने केल्यास अपमान उरत नाही. सरकारने कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी त्याच परवान्यांची होळी करण्यात आली. थोडक्यात, बोट तेच, शाई तीच. परंतु बोट कोणाच्या इच्छेने उचलले गेले, यावर त्या कृतीचा अर्थ ठरत होता.

सुमारे शतकानंतर, २००४ मध्ये, इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो आगांबेन यांनी अमेरिकेतील अध्यापन रद्द केले. त्या देशात प्रवेश करताना परदेशी प्रवाशांचे ठसे घेणे नुकतेच सुरू झाले होते. गुन्हेगारांसाठी योजलेले साधन सर्व नागरिकांसाठी नित्याचे होणे, ही त्यांच्या मते नागरिक आणि राज्य यांच्या नात्यातील मूलभूत उलथापालथ होती. ती भूमिका काहींना अतिरेकी वाटली. परंतु आज फोन उघडण्यासाठीही बोट टेकवणाऱ्या पिढीला त्यात आक्षेपार्ह काय होते, हेच समजणे कठीण जाईल. सवय हीच संमती, असे नकळत मानले जाऊ लागले आहे.

यंत्र काय पाहते?

काचेवर बोट टेकवले की यंत्र बोट पाहत नाही. बोटाचे छायाचित्र पाहते. त्या छायाचित्रात कोणती रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, असे मोजके बिंदू ते टिपते. या बिंदूंची स्थाने आणि दिशा यांचा एक संख्यात्मक आराखडा तयार होतो आणि त्याची तुलना पूर्वी साठवलेल्या नोंदीशी केली जाते. शरीरापासून प्रतिमा, प्रतिमेपासून संख्या, असा हा प्रवास असतो. तुलनेतून साम्याचा एक गुणांक निघतो. तो आधीच ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक असेल तर उत्तर ‘होय’, कमी असेल तर ‘नाही’.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली अशी की, ती मर्यादा निसर्गाने नव्हे, माणसाने ठरवलेली असते. मर्यादा सैल केली तर तोतया आत शिरण्याचा संभव वाढतो. कडक केली तर खरा माणूस बाहेर राहण्याचा. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक अधिक सोसावी, हा निर्णय तांत्रिक भासला तरी मूलतः नैतिक असतो.

दुसरी गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. जिवंत बोटाचे दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे येत नाहीत. दाब बदलतो, कोन बदलतो, त्वचा कोरडी किंवा ओलसर असते. त्यामुळे नवा ठसा जुन्याशी शंभर टक्के जुळला, तर तो संशयाचा विषय होतो. कारण साठवलेलीच प्रत कोणी तरी पुन्हा पाठवली असण्याची ती खूण असते. जिवंतपणाचे लक्षण थोडे बदलत राहणे हे आहे. संपूर्ण समानता फक्त नकलेत आढळते.

तोच हा देवदत्त

भारतीय दर्शनांत या प्रश्नाची फार जुनी चर्चा आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा भेटतो आणि पाहणारा म्हणतो, तोच हा देवदत्त. या ज्ञानाला ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणतात. पूर्वी पाहिले ते गाव निराळे, वय निराळे. आज पाहतो ते निराळे. तरीही बदलांच्या आड जो एक माणूस आहे, त्याची ओळख पटते. नैयायिकांच्या मते यात स्मरण आणि प्रत्यक्ष या दोहोंचा मिलाफ असतो आणि त्यातून स्थिर वस्तूचेच ज्ञान होते.

क्षणभंगवादी बौद्धांनी यावर आक्षेप घेतला. कापल्यावर पुन्हा उगवलेले केस आणि नखे ‘तीच’ वाटतात, पण ती तशी असतात का? रात्रभर तेवणारी ज्योत एकच भासते. प्रत्यक्षात क्षणोक्षणी नवी ज्योत पेटत असते. समोर असते ते केवळ सादृश्य. ‘तोच’ हा निष्कर्ष मन त्यावर लादते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद शतकानुशतके चालला आणि तो निकालात निघाला, असे म्हणता येणार नाही.

बायोमेट्रिक यंत्राला या वादात उभे केले, तर ते निःसंशय बौद्धांच्या बाजूला बसेल. त्याला देवदत्त ठाऊक नसतो. दोन प्रतिमांतील साम्य तेवढे ठाऊक असते. म्हणून यंत्राचे प्रामाणिक उत्तर ‘पुष्कळसे सारखे’ किंवा ‘फारसे सारखे नाही’ एवढेच असू शकते. पण हे उत्तर दुकानदाराच्या, बँकेच्या, कचेरीच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत ‘होय’ किंवा ‘नाही’ झालेले असते. सादृश्याचे रूपांतर तादात्म्यात होते आणि संभवाचे रूपांतर सत्यात. हे रूपांतर यंत्र करत नाही. यंत्राच्या उत्तराला अंतिम मानणारी व्यवस्था करते. डिजिटल संस्कृतीतील खरी अडचण इथे आहे.

झिजलेले बोट

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र अशी ही नोंद. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, अशांना प्रथमच एक सर्वमान्य ओळख मिळेल, हा या योजनेमागील युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. गाव सोडून बांधकामावर आलेल्या कुटुंबाला दुसऱ्या शहरात धान्य मिळणे, वृद्धाला बँकेत न जाता हयातीचा दाखला देता येणे, या सोयी खऱ्या आहेत.

परंतु बोट हा केवळ ओळखीचा कागद नाही. ते कामाचे अवयव आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात शरीराचा जो विचार मांडला, त्याचा आशय असा की, शरीर ही माणसाच्या मालकीची एखादी वस्तू नसते. जगाशी त्याचा संबंध शरीराच्याच द्वारे येतो. हात जगाला स्पर्श करतो तेव्हा जगही हाताला स्पर्श करत असते. ऊसतोडणी कामगाराच्या, विटा उचलणाऱ्याच्या, दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईच्या हातांबाबत हे विधान शब्दशः खरे आहे. सिमेंट, क्षार, साबण आणि कोयता त्यांच्या बोटांवर रोज काही लिहितात आणि काही पुसतात. वयानुसार त्वचा कोरडी पडते, रेषा उथळ होतात. टेबलापाशी बसून काम करणाऱ्याची बोटे यंत्राला सहज वाचता येतात. श्रमणाऱ्याची येतीलच असे नाही.

नांगराच्या निशाणीशी याची तुलना केल्यावर केवढी उलथापालथ झाली, ते ध्यानात येते. तिथे काम हीच माणसाची ओळख होती. इथे काम माणसाची ओळख पुसून टाकते.

हे केवळ तर्कापुरते नाही. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने प्रमाणीकरण अयशस्वी होण्याचे जे अंदाज उद्धृत केले, त्यांत झारखंडसाठी ४९ टक्के, राजस्थानसाठी ३७ टक्के, गुजरातसाठी ६ टक्के आणि आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यासाठी ५ टक्के असे आकडे होते. या आकड्यांतील तफावतच सांगते की, अपयश केवळ बोटांचे नसते; जोडणी, वीज, यंत्राची निगा आणि ते चालवणारा माणूस या सर्वांचे असते. परंतु रांगेत उभ्या असलेल्या बाईला पडद्यावर दिसते ते एकच वाक्य, तुमचे बोट जुळत नाही. दोष शरीराच्या माथी येतो.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. मात्र खासगी कंपन्यांना त्याचा सरसकट वापर करू देणारी तरतूद रद्द केली. प्रमाणीकरण फसले म्हणून कोणाचा लाभ नाकारला जाऊ नये, ही अपेक्षाही बहुमताच्या निकालात व्यक्त झाली. भिन्न मत नोंदवणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्याही पुढे जाऊन, घटनेने दिलेली हमी तंत्रज्ञानाच्या लहरीवर आणि संभाव्यतेच्या गणितावर सोडता येणार नाही, असा मुद्दा मांडला. न्यायालयीन भाषेत मांडलेला हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. माणूस समोर उभा असताना त्याच्या प्रतिमेवर अधिक विश्वास का ठेवावा?

जुळले, पण चुकले

न जुळण्याची चूक गरिबाला भोवते; चुकून जुळण्याची चूक कोणालाही भोवू शकते. माद्रिदमध्ये ११ मार्च २००४ रोजी रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले. स्फोटकांशी संबंधित एका पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचा असल्याचा निष्कर्ष एफबीआयच्या तज्ज्ञांनी काढला. लष्करी सेवेमुळे त्याचे ठसे नोंदीत होते. शरीर ओरेगॉनमध्ये, प्रतिमा माद्रिदमध्ये. त्याला सुमारे दोन आठवडे अटकेत राहावे लागले. स्पेनच्या पोलिसांना तो ठसा अल्जीरियाच्या एका नागरिकाच्या ठशाशी जुळलेला आढळला, तेव्हा सुटका झाली. एफबीआयने माफी मागितली आणि २००६ मध्ये अमेरिकी सरकारने २० लाख डॉलर भरपाई दिली. यंत्राने संभाव्य नावांची यादी दिली होती. त्यातील एका नावाला निश्चितीचा शिक्का माणसांनी मारला होता.

चेहऱ्याची कथाही निराळी नाही. गाल्टन यांनी १८७० च्या दशकात गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक छापून ‘गुन्हेगाराचा चेहरा’ शोधण्याचा प्रयत्न केला होता. हाती आलेला संमिश्र चेहरा प्रत्येक मूळ चेहऱ्यापेक्षा अधिक सभ्य दिसत होता! प्रतिमेतून माणसाचे सत्त्व काढू पाहणाऱ्यांना मिळालेला तो पहिला इशारा म्हणावा लागेल. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक संगणक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेल्या चेहऱ्यांत ज्यांचे चेहरे कमी, त्यांना ते कमी ओळखते. गोताच्या स्मरणात जसे काही जण दुय्यम होते, तसेच यंत्राच्या स्मरणातही आहेत.

शरीराविना प्रतिमा

प्रतिमा एकदा शरीरापासून सुटी झाली की ती चोरताही येते. जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्ये तत्कालीन गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या बोटाचा ठसा प्रसिद्ध केला. तो त्यांनी हाताळलेल्या पेल्यावरून घेतलेला होता. याच संस्थेच्या एका तज्ज्ञाने २०१४ मध्ये संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या बोटाचा ठसा केवळ छायाचित्रांवरून तयार करून दाखवला. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

‘डीपफेक’ हा शब्द २०१७ च्या अखेरीस रूढ झाला आणि शरीर नसलेल्या प्रतिमांचे युग सुरू झाले. ज्या स्त्रीने एखादी कृती कधी केलीच नाही, तिची ती करतानाची चित्रफीत तयार होऊ शकते. न उच्चारलेले शब्द ओळखीच्या आवाजात ऐकू येतात. वरवर पाहता ही समस्या झिजलेल्या बोटाच्या अगदी विरुद्ध आहे. एकीकडे शरीर आहे पण प्रतिमा जुळत नाही. दुसरीकडे प्रतिमा आहे पण तिच्यामागे शरीरच नाही. तरीही दोन्ही प्रसंगी पुराव्याचा भार कोणावर पडतो, हे पाहिले की साम्य ध्यानात येते. रेशनच्या रांगेतील बाईला ‘ही मीच’ हे सिद्ध करावे लागते आणि बनावट चित्रफितीतील स्त्रीला ‘ही मी नव्हे’ हे. प्रतिमा निवांत असते. धावपळ शरीराला करावी लागते.

फ्रेंच तत्त्वज्ञ जिल दलझ यांनी १९९० मध्येच म्हटले होते की, नव्या नियंत्रण-व्यवस्थेत अविभाज्य व्यक्ती उरणार नाही. तिचे विभाजन होऊन संकेत, नमुने आणि नोंदी उरतील. मराठीतील ‘व्यक्ती’ या शब्दाच्या मुळाशी व्यक्त होण्याचा अर्थ आहे. नोंदीला व्यक्त होता येत नाही. तिची फक्त तपासणी करता येते.

साक्षीदार की न्यायाधीश?

यावर तंत्रज्ञानाला नकार देणे हा उपाय नव्हे. गोताच्या ओळखीकडे परत जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. स्थलांतरित, एकाकी, कागदपत्रे नसलेल्या माणसाला तिथे न्याय मिळाला नसता. बायोमेट्रिक नोंद ही उपयुक्त साक्ष आहे. प्रश्न तिला साक्षीच्याच जागी ठेवण्याचा आहे. न्यायालय कोणत्याही साक्षीदाराचा होकार-नकार तपासल्याविना स्वीकारत नाही. उलटतपासणी होते, दुसरा पुरावा मागितला जातो, अपिलाची वाट मोकळी असते. पडद्यावरील ‘नाही’ या उत्तरानंतरही अशीच वाट असायला हवी. बोट जुळले नाही तर बुबुळ, तेही नाही तर ओळखपत्र, तेही नाही तर ओळखणाऱ्या माणसाची साक्ष. आणि या सर्व पायऱ्या संपेपर्यंत धान्य, वेतन वा निवृत्तिवेतन थांबणार नाही, याची हमी. अपवादाच्या अशा तरतुदी नियमांत आहेतही. पण नियमातील अपवाद दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचण्यासाठी, यंत्राने ‘नाही’ म्हटल्यावर ‘होय’ म्हणण्याचा अधिकार आणि धैर्य तिथल्या माणसाला द्यावे लागते.

हर्शेलला धाक बसवायचा होता, म्हणून त्याने कोनाईचा हात घेतला. त्या हाताने केलेला करार मात्र रस्त्याच्या खडीचा होता. रस्ते बांधणारे, ऊस तोडणारे, भांडी घासणारे हात आजही काचेवर टेकतात. त्यांच्या रेषा पुसट का झाल्या, हे यंत्राला विचारता येत नाही. ते विचारण्याचे आणि ऐकून घेण्याचे काम माणसांचे आहे आणि ते यंत्रावर सोपवता येणार नाही.